एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया : रोबोने की दुर्बिणीने?

साशंक : एंडोमेट्रिओसिसच्या पेशंट हल्ली पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, रोबोने करून घेऊ का?" आजार कुठवर पसरलाय, शस्त्रक्रिया खरंच लागेल की गोळ्यांवर भागेल, मूल हवं असेल तर आधी काय करायचं, हे सगळे प्रश्न मागे राहतात. माझा पहिला आक्षेप इथेच आहे. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. अंडाशयावर, पोटाच्या आतल्या आवरणावर, गर्भाशय आणि मलाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, कधी आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या भिंतीतसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना हा आजार आहे, आणि निदान व्हायलाच ४ ते १२ वर्षं लागतात. "पाळीत दुखायचंच, सहन करायला शीक" हे ऐकत जिने इतकी वर्षं काढली, तिच्यासमोर आपण सगळ्यात आधी यंत्राची निवड ठेवावी, हे मला पटत नाही.

समर्थक : क्रम चुकतो हे मान्य. पण प्रश्नच गैर आहे असं मी म्हणणार नाही. ही शस्त्रक्रिया अवघड का असते, ते आधी पाहू. अंडाशयावरची साधी गाठ, म्हणजे चॉकलेट सिस्ट, सोडा. खोलवर रुजलेला आजार घ्या. गर्भाशयाच्या मागे, त्याला आधार देणाऱ्या दोन बंधांवर एक पांढरट, घट्ट गाठ असते. तिच्यामुळे मलाशय पुढे ओढला जाऊन गर्भाशयाला चिकटलेला असतो. बाजूने मूत्रवाहिनी जाते, तीही त्या ओढीत आत सरकलेली असते. गाठ काढायच्या आधी ती मूत्रवाहिनी वरून, निरोगी जागेपासून शोधत यावी लागते, आवरण उघडून मोकळी करावी लागते. तिच्याच आतल्या बाजूला मूत्राशय आणि मलाशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं बारीक जाळं असतं. ते तुटलं तर बाईला पुढे लघवी पूर्ण होत नाही, नळी घालून काढावी लागते. काही मिलिमीटरच्या अंतरात हे सगळं चालतं. नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आपली हत्यारं सरळ, लांब दांड्याची असतात. पोटाच्या भिंतीतून ती टेकवून फिरवावी लागतात, त्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. मनगट बांधून रांगोळी काढायला बसावं तसं ते काम आहे. रोबोच्या हत्याराला टोकाशी मनगट आहे. सरळ हत्याराच्या चार प्रकारच्या हालचालींऐवजी इथे सात मिळतात. दृश्य त्रिमितीय दिसतं, हाताचा कंप गाळला जातो. अशा जागी या गोष्टींनी फरक पडणारच.

साशंक : "पडणारच" या शब्दावर मी थांबते. फरक पडायला हवा असं वाटणं वेगळं आणि पडलेला दिसणं वेगळं. हा प्रश्न नीट विचारणारी चाचणी झालेली आहे. अमेरिकेत लारोझ नावाची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी केलेली, एकापेक्षा जास्त केंद्रांत झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. विषय हाच, एंडोमेट्रिओसिसमध्ये रोबो की दुर्बीण. ७३ स्त्रिया होत्या. शस्त्रक्रियेला लागलेला सरासरी वेळ रोबोने १०७ मिनिटं, दुर्बिणीने १०२. रक्तस्राव, गुंतागुंत, पोट उघडावं लागण्याचं प्रमाण, कशातही अर्थपूर्ण फरक नाही. सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी त्या स्त्रियांना जगण्याच्या दर्जाविषयी विचारलं, दोन्ही गट सुधारले होते आणि सारखेच सुधारले होते. मनगट होतं, त्रिमितीय दृश्य होतं, तरी पेशंटच्या अनुभवात ते उतरलं नाही.

समर्थक : लारोझ मी टाळणार नाही, ती वाचूनच मी माझं मत बनवलं आहे. पण ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते पाहा. चाचणीत येण्याची अट एंडोमेट्रिओसिसचा संशय एवढीच होती. म्हणजे वरवरचे ठिपके असलेल्या आणि आतड्यापर्यंत आजार गेलेल्या, दोन्ही प्रकारच्या स्त्रिया एकाच तागडीत. वरवरच्या आजारात सरळ हत्यार पुरतं, तिथे रोबोने काही वेगळं करून दाखवावं अशी अपेक्षाच चूक आहे. शिवाय ७३ जणींच्या चाचणीत लहान फरक दिसूही शकत नाही. एखादी गंभीर गुंतागुंत शंभरात तीन-चार वेळा होत असेल, तर ती निम्मी झाली की नाही हे कळायला किती तरी पट स्त्रिया लागतात. आणि सहा महिने हा काळ या आजारात फार थोडा आहे. आजार उलटतो तो दुसऱ्या, पाचव्या वर्षी. तेव्हा लारोझने "नेहमीच्या पेशंटमध्ये, निष्णात हातात, थोड्या काळात फरक नाही" एवढं सिद्ध केलं. "कधीच फरक नाही" असं तिने म्हटलेलं नाही.

साशंक : मग अवघड जागेचंच उदाहरण घेऊ. मलाशयाच्या कर्करोगात याच खोल, अरुंद पोकळीत काम करावं लागतं. तिथे रोलार नावाची मोठी चाचणी झाली, तीही २०१७ चीच, ४७१ पेशंट. मधेच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोत ८.१ टक्के. आकडा तुमच्या बाजूला झुकलेला दिसतो, पण तो योगायोगाने येऊ शकेल इतकाच होता, आणि चाचणीचा निष्कर्ष "रोबो सरस ठरला नाही" असाच आला. तुम्ही म्हणता फरक लहान असेल, मोठी चाचणी हवी. कबूल. पण ती होईपर्यंत पुराव्याचं ओझं कोणी वाहायचं? नव्या, महाग साधनानेच ना?

याबाबतीत आपल्या शाखेने फार मोठी किंमत मोजली आहे. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात पोट उघडून करायची मोठी शस्त्रक्रिया आपण सगळे दुर्बिणीने आणि रोबोने करू लागलो होतो. छेद लहान, घरी लवकर, मग वाईट काय असणार? २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांच्या चाचणीचे निकाल आले. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, छोट्या छेदांच्या गटात ८६. त्या गटात बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या होत्या, म्हणजे हा धडा माझ्याही हत्याराला आहे. एंडोमेट्रिओसिस कर्करोग नाही, इथे जिवाचा तसा हिशेब नाही. पण "उघडच चांगलं आहे" या भरवशावर चालायचं नाही, एवढं तरी त्यातून घ्यायला हवं.

समर्थक : तो धडा मी मानतो. तरी इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९८० साली जर्मनीत कुर्ट झेम यांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते, आणि त्यांचा परवाना काढून घ्या अशी मागणी तिथल्या शल्यविशारदांमधून झाली. दहा वर्षांनी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, भारतातली ती पहिली तशी शस्त्रक्रिया. तेव्हाही आक्षेप हेच होते : वेळ जास्त लागतो, साधनं महाग, शिकायला कठीण, पुरावा कुठे आहे? आज पित्ताशयासाठी कोणी पोट उघडायचं म्हणालं तर पेशंट कारण विचारते. एखादं तंत्र बाल्यात असतानाच त्याच्याकडून अंतिम पुरावा मागितला, तर ते मोठं होण्याआधीच संपतं.

साशंक : ते उदाहरण नेमकं माझ्या बाजूचं आहे. पोट उघडण्यापासून दुर्बिणीपर्यंतची उडी पेशंटला स्वतःच्या अंगावर कळली. वीतभर छेदाच्या जागी बोटाच्या पेराएवढे छेद, आठवडाभराच्या जागी एक-दोन दिवस, दुखणं कमी, कामावर लवकर. दुर्बिणीपासून रोबोपर्यंतची उडी तिला कळत नाही. छेद तेच, उलट माझी बाजूची हत्यारं पाच मिलिमीटरची आणि दा विन्ची या रोबोची आठची. भूल तीच, घरी जाण्याचा दिवसही जवळपास तोच. जे बदलतं ते शल्यचिकित्सकाच्या बाजूचं. शिवाय एक गोष्ट गमावली जाते, स्पर्श. सरळ हत्याराने मी मलाशयाच्या भिंतीवर दाब दिला की गाठ कुठे संपते आणि मऊ आतडं कुठे सुरू होतं, ते दांड्यातून हाताला कळतं. अंधुक कळतं, पण कळतं. या आजारात डोळ्यांना दिसतं त्याहून जास्त पसरलेलं असतं. तिथे बोटांची ही बातमी मी सहज सोडून देणार नाही.

समर्थक : स्पर्शाबाबत तुम्ही बरोबर आहात, आणि यंत्र बनवणाऱ्यांनाही ते कळलं आहे. दा विन्चीच्या २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या पाचव्या पिढीत दाब हाताला जाणवेल अशी हत्यारं आली आहेत. जुन्या यंत्रांवर आम्ही ऊतक कसं ताणलं जातं, कसं पांढरं पडतं, ते पाहून दाबाचा अंदाज घ्यायला शिकलो. पण "शल्यचिकित्सकाची सोय" हा मुद्दा तुम्ही हलका करता आहात. खोल आजाराची शस्त्रक्रिया चार-पाच तास चालते. तितका वेळ खांदे उचलून, मान वळवून उभं राहिलेल्या माणसाचा हात चौथ्या तासाला पहिल्या तासासारखा नसतो. आणि खरं अवघड काम, आतड्यावरून गाठ तासणं, टाके घालणं, हे शेवटीच येतं. दुर्बिणीत कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असतो, तोही थकतो. रोबोत कॅमेरा मी स्वतः हलवतो आणि बसून काम करतो. माझी सोय आणि पेशंटचं हित या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत.

माझा मुख्य मुद्दा मात्र याच्या पुढचा आहे. सरळ हत्यारांनी खोल आजार पूर्ण काढणारे हात राज्यात किती आहेत? मोजके. पुण्या-मुंबईत मिळतील, पण नांदेड, चंद्रपूर, सिंधुदुर्गच्या बाईला ते शोधत यावं लागतं. ज्या कसबाला पंधरा वर्षं लागतात, ते मनगट असलेल्या हत्याराने लवकर येत असेल, तर चांगली शस्त्रक्रिया करू शकणाऱ्यांची संख्या वाढेल. अव्वल दुर्बीणवाला आणि अव्वल रोबोवाला यांची तुलना करून उत्तर "सारखंच" येतं. मला विचारायचं आहे ते मधल्या फळीबद्दल.

साशंक : हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, आणि मला सगळ्यात जास्त भीतीही त्याचीच वाटते. टाके घालणं सोपं झालं म्हणून आजार ओळखणं सोपं होत नाही. कोणता डाग आजाराचा, कोणता जुन्या व्रणाचा, मज्जातंतू कुठून जातो, कुठे थांबायचं आणि आतड्याच्या शल्यचिकित्सकाला कधी बोलवायचं, हे ज्ञान हत्यारात नसतं. अमेरिकेत काय झालं ते पाहा. साध्या कारणांसाठी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांत रोबोचं प्रमाण २००७ मध्ये अर्धा टक्का होतं, २०१० मध्ये साडेनऊ टक्के. अडीच लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गुंतागुंत दुर्बिणीइतकीच, खर्च मात्र प्रत्येकी दोन हजार डॉलरच्या वर जास्त. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षांना २०१३ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की रोबो हा गर्भाशय काढण्याचा एकमेव किंवा सर्वोत्तम मार्ग नाही. यंत्र घेतलं की ते चालवावं लागतं, त्याचे हप्ते फेडावे लागतात. मधली फळी मग अवघड पेशंटकडे वळण्याआधी सोप्या पेशंटवर यंत्र वापरते. ज्या बाईला त्याची गरज नव्हती, तिच्या बिलात लाखाच्या पुढची भर पडू शकते.

समर्थक : गर्भाशय काढण्याच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मी जोडतो. रोबो आला त्या रुग्णालयांत पोट उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियाही कमी झाल्या. म्हणजे ज्यांना दुर्बीण जमत नव्हती, त्यांच्यातले काही रोबोमुळे छोट्या छेदांकडे आले असावेत. माझ्या मधल्या फळीच्या युक्तिवादाला तेवढा आधार आहे. किमतीचं म्हणाल तर परिस्थिती हलते आहे. बराच काळ एकाच कंपनीची मक्तेदारी होती. आता ब्रिटनचं वर्सियस आहे, त्याची माणसांवरची पहिली चाचणी २०१९ मध्ये आपल्या पुण्यात, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात झाली. भारतात बनलेलं मंत्र नावाचं यंत्रही वापरात आहे. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी रोबोटिक शस्त्रक्रिया आरोग्यविम्यातून सरसकट वगळायला मनाई केली.

साशंक : वगळायला मनाई आहे, पण मर्यादा घालायला नाही. कंपन्या या उपचारांवर रकमेची किंवा टक्क्यांची मर्यादा घालतात, आणि वरचे पैसे कोणाच्या खिशातून जातात हे पेशंटला दाखल झाल्यावर कळतं. पॉलिसीतलं ते कलम आधी वाचा, असं मी प्रत्येकीला सांगते. आपल्याकडे घरात बाईच्या दुखण्यावर खर्च करायची वेळ आली की हात आखडतात. अशा घरात लाखभर रुपये यंत्रावर गेले, तर पुढच्या दोन वर्षांच्या गोळ्या, तपासण्या, गरज पडली तर वंध्यत्वाचे उपचार, यांना पैसे उरत नाहीत.

समर्थक : सगळ्यात महाग शस्त्रक्रिया अर्धवट झालेली असते. वरचे डाग जाळले, खोल गाठ सोडली, दोन वर्षांनी पुन्हा दुखणं, पुन्हा भूल, आणि या वेळी आधीच्या चिकटलेल्या जाळ्यातून वाट काढणं. एकदाच पण पूर्ण करायचं असेल तर मी थोडा जास्त खर्च समजू शकतो.

साशंक : अर्धवट शस्त्रक्रियेविरुद्ध मी तुमच्याच बाजूला आहे. पण आजार उलटण्याचं खापर फक्त तिच्यावर फोडता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांमध्ये आजार परतल्याचे आकडे सांगितले जातात. त्यात चांगल्या हातांखालून गेलेल्याही असतात. ज्यांना लगेच मूल नको आहे त्यांना नंतर हार्मोनच्या गोळ्या दिल्या किंवा हार्मोन सोडणारी टी (तांबी नव्हे) बसवली, तर परतण्याचं प्रमाण कमी होतं. हे काम ना रोबो करतो ना दुर्बीण. आणि "पूर्ण" या शब्दालाही धार आहे. अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट सोलताना तिच्या आवरणाबरोबर निरोगी बीजंही जातात, उरलेल्या बीजांचा अंदाज देणारा रक्तातला एएमएच घसरतो. मूल हवं असलेल्या तिशीतल्या बाईला ही किंमत आधी सांगायला हवी. उत्तम दिसणारं, उत्तम वळणारं हत्यार हातात आलं की जास्त काढावंसं वाटतं, हा मोह मला ठाऊक आहे. युरोपातल्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर केवळ निदानासाठी दुर्बीण घालण्याची सक्तीही सोडली. सोनोग्राफी, एमआरआय आणि औषधांना मिळणारा प्रतिसाद यावर आता पुढे जाता येतं. शस्त्रक्रिया कमी आणि नेमक्या, अशी दिशा आहे.

समर्थक : मग आपलं मतभेदाचं क्षेत्र बरंच लहान झालं. वरवरचा आजार, एका बाजूची सिस्ट, पहिलीच शस्त्रक्रिया : इथे रोबोचा आग्रह धरायला माझ्याकडेही आधार नाही, आणि कोणी तो धरत असेल तर पेशंटने कारण विचारावं. मलाशय, मूत्रवाहिनी, मज्जातंतू यांत शिरलेला आजार, आधी एक-दोन शस्त्रक्रिया झालेल्या : इथे मी रोबोच घेईन. माझ्या हातांना तिथे तो जास्त साथ देतो, हे मी रोज पाहतो. पण रोज पाहणं हा पुरावा नव्हे, हेही मला कबूल करायला हवं.

साशंक : आणि त्याच पेशंटवर मी दुर्बीणच घेईन, त्याच कारणासाठी, आणि माझाही पुरावा तितकाच अपुरा. ज्या गटाबद्दल आपला वाद आहे, त्याच गटापुरती, पुरेशी मोठी, पाच वर्षं पाठपुरावा करणारी तुलना आपल्यापुढे नाही. जे जुने कागद चाळून केलेले अभ्यास आहेत, त्यांत अवघड पेशंट रोबोकडे गेलेले असतात किंवा नवखे शल्यचिकित्सक रोबोवर असतात, म्हणून दोन्हीकडून दिशाभूल होते. तुमचा मधल्या फळीचा प्रश्न तर कोणी नीट विचारलेलाच दिसत नाही. तो विचारायला नव्या यंत्राची गरज नाही. प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवावी. आजार कुठे होता, किती काढला, किती सोडला, लघवी-शौचाचा त्रास झाला का, दोन वर्षांनी दुखणं किती, पुन्हा शस्त्रक्रिया लागली का. आणि ती नोंद दुसऱ्यांना तपासू द्यावी.

समर्थक : त्या नोंदवहीवर पहिली सही मी करतो. माझे आकडे तुमच्यापेक्षा वाईट निघाले तर मला ते कळायला हवं. तरी एक मुद्दा मी सोडत नाही. सगळं सिद्ध होईपर्यंत थांबलो, तर शिकणाऱ्या पिढीच्या हाती जुनीच हत्यारं राहतील.

साशंक : आणि सिद्ध होण्याआधी धावलो, तर त्या शिकण्याचा खर्च पेशंट भरेल. यावर आपलं आज एकमत होणार नाही. पण तोपर्यंत पेशंटला थांबवून ठेवता येत नाही, म्हणून तिला सांगायचं ते एका आवाजात सांगू. "रोबो आहे का" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा : माझा आजार नेमका कुठे आहे, आणि एमआरआय किंवा तज्ज्ञाच्या सोनोग्राफीत तो दिसलाय का? शस्त्रक्रियेला पर्याय कोणता? असा खोल आजार तुम्ही वर्षाला किती वेळा काढता? आतड्याचे आणि मूत्रमार्गाचे शल्यचिकित्सक त्या दिवशी हजर असतील का? माझ्या अंडाशयाचं काय होईल? शस्त्रक्रियेनंतरची दोन वर्षं काय योजना आहे? विमा किती देईल आणि मला किती भरावे लागतील? या सात प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर हत्यार कोणतंही असो, तुम्ही योग्य दारात उभ्या आहात. उत्तरं टाळली गेली, तर आत कितीही महाग यंत्र असलं तरी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.